समुद्रावरील एकांडा शिलेदार

मराठीत ‘एकांडा शिलेदार’ हा शब्दप्रयोग आता केवळ अलंकार म्हणून उरला आहे. कोणी एकट्याने मासिक चालविले, कोणी एकट्याने कोश रचला, की हा किताब आपण त्यास मोठ्या उदारपणे बहाल करतो. शब्दाचा मूळ अर्थ मात्र अलंकाराचा नसून हिशेबाचा होता. ज्याचा घोडा व हत्यार सरकारचे, तो बारगीर. ज्याचे स्वतःचे, तो शिलेदार. आणि जो कोणाच्या पथकात न मोडता आपल्या एका घोड्यानिशी चाकरीस हजर होई, तो एकांडा. म्हणजे एकांड्याच्या एकटेपणाची परीक्षा रणांगणावर होत असली, तरी तिचा निकाल बराचसा घरच्या पागेतच लागलेला असे. घोडा कसा राखला, नाल कोणी मारले, खोगीर कोणी शिवले, दाणावैरणीची तजवीज किती दिवसांची केली, ह्यांवर तो माणूस परत येणार की नाही हे ठरत असे. बखरकार मात्र पागेत कधी शिरत नाही. तो थेट लढाईपासून आरंभ करतो.

आधुनिक काळातील अशाच एका एकांड्याविषयी, आणि विशेषेकरून त्याच्या पागेविषयी, आम्ही चार शब्द लिहिणार आहो. भारतीय नौदलातील कमांडर दिलीप दोंदे हे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून ‘म्हादेई’ नावाच्या शिडाच्या नौकेतून एकटे निघाले व पृथ्वीप्रदक्षिणा करून १९ मे २०१० रोजी मुंबईस परत आले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीस प्रदक्षिणा घालणारे ते पहिले भारतीय होत. ह्या नऊ महिन्यांविषयी वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहिले गेले. परंतु त्या नऊ महिन्यांपूर्वी तीन वर्षांहून अधिक काळ जी तयारी चालली होती, तिची आठवण वाचकांस क्वचितच असेल. आमच्या मते ह्या घटनेचा खरा इतिहास त्या तीन वर्षांत आहे. इतकेच नव्हे, तर आपल्या समाजाच्या दीर्घ इतिहासातील एका उणिवेवर त्या तीन वर्षांनी नेमके बोट ठेवले आहे.

आम्ही हे लिहितो ते डोणगावाहून, म्हणजे समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या वऱ्हाडातल्या मेहकर तालुक्यातून. ह्या गावास समुद्राविषयी बोलण्याचा अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार दोन आहेत. पहिला भूगोलाचा. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पाण्याची वाटणी होते. जिल्ह्याच्या उत्तर भागातले पाणी पूर्णेतून तापीस मिळते व सुरतेजवळ पश्चिम समुद्रात जाते. आमच्या बाजूचे पाणी पैनगंगा, वर्धा, प्राणहिता व गोदावरी ह्या वाटेने पूर्व समुद्र गाठते. तेव्हा समुद्र आमच्यापासून दूर असला तरी आमच्या ओढ्यास तो परका नाही. दुसरा अधिकार शब्दाचा. ‘डोण’ म्हणजे लाकूड किंवा दगड कोरून केलेले, गुरांना पाणी पाजण्याचे लांबट पात्र. गावाच्या नावाच्या व्युत्पत्तीच्या वादात आम्ही शिरत नाही; परंतु ह्याच शब्दाच्या कुळात ‘डोणी’ म्हणजे लहान होडी हा शब्द आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. देशावरच्या शेतकऱ्याने पाणी आत ठेवण्यासाठी ओंडका कोरला, कोकणातल्या कोळ्याने पाणी बाहेर ठेवण्यासाठी तोच ओंडका कोरला. वाकस एक, हात एक, आणि शब्दही एका घरचा. मग एकाचे जग आडाशी संपले आणि दुसऱ्याचे क्षितिजापर्यंत गेले, हे कसे झाले?

समुद्रसंयान हे बौधायनाने पातकांत गणले, एवढे उत्तर पुष्कळदा दिले जाते. पण ते अपुरे आहे. शास्त्राने निषेध केला म्हणून कोकणच्या तांडेलाने एक दिवसही मचवा ओढून घरी ठेवला नाही. शिवाजी महाराजांनी १६५९ च्या सुमारास कल्याण-भिवंडीस आरमाराची उभारणी सुरू केली, तेव्हाही निषेध आडवा आला नाही. त्या कामावर आरंभी पोर्तुगीज कारागीर होते व ते काम टाकून निघून गेले, हे पोर्तुगीज कागदपत्रांवरून दिसते. उस्ताद गेले तरी आरमार थांबले नाही. ज्यांनी त्यांच्या शेजारी उभे राहून लाकूड तासले होते, त्या हातांनी विद्या उचललेली होती. पुढे कान्होजी आंग्रे १७२९ त वारले, तोपर्यंत त्यांच्या गलबतांचा धाक साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर बसलेला होता. आणि हेच आंग्र्यांचे आरमार फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत इंग्रजांच्या तोफांनी जळाले, तेव्हा पेशव्यांचे सैन्य इंग्रजांच्या बाजूस होते, ही गोष्ट आपण वाचून मान खाली घालावी अशीच आहे.

परंतु त्या दिवशी केवळ लाकूड जळाले असते, तर नुकसान भरून निघाले असते. लाकूड पुन्हा मिळते. भरून न निघणारी वस्तू दुसरीच होती. आरमाराच्या खर्चाचे व नेमणुकांचे हिशेब दप्तरांतून सापडतात. पण तासणाऱ्याच्या हातचे ज्ञान हिशेबाच्या कागदात मावत नाही. ते बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून उमेदवाराकडे जावे लागते, आणि ती साखळी एका पिढीत तुटली की तुटलीच. आपल्याकडे ज्याच्या हाती लेखणी होती त्याने वल्हे धरले नाही, आणि ज्याच्या हाती वल्हे होते त्यास लेखणी कोणी दिली नाही. भोजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’त नौकांचे प्रकार व मापे दिलेली आहेत, तो अपवाद इतका एकाकी आहे की त्यानेच नियम सिद्ध व्हावा. सुरतेचे लवजी वाडिया १७३६ मध्ये मुंबईस आले व त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत जगात नावाजलेली जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ साली पाण्यात सोडलेले ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडात हार्टलपूल येथे अद्याप तरंगते आहे. आमच्या हातांत कसब नव्हते असे म्हणण्यास म्हणून जागा नाही. कसब होते, पण जहाज कोठे न्यावयाचे व का न्यावयाचे, हे ठरविणारा मेंदू त्या हातांना जोडलेला नव्हता.

आता एकट्याने समुद्रपर्यटन करण्याच्या विद्येचा उगम पाहू. ह्या मार्गाचा आद्य पुरुष जोशुआ स्लोकम. हा कसलेला कप्तान. पण शिडांचा जमाना संपून वाफेचा आला तेव्हा बेकार झाला. अमेरिकेतील फेअरहेवन गावी एका ओळखीच्या कप्तानाने त्यास एक जुनी, कुजत पडलेली होडी देऊ केली. स्लोकमने तेरा महिने स्वतःच्या हातांनी खपून तिचा एकेक अवयव नवा केला. खर्च आला ५५३ डॉलर ६२ सेंट. सुमारे ३७ फुटांची ही ‘स्प्रे’ घेऊन तो २४ एप्रिल १८९५ रोजी बोस्टनहून निघाला व २७ जून १८९८ रोजी जग फिरून न्यूपोर्टास परत आला. अचूक वेळ दाखविणारे जहाजी घड्याळ दुरुस्त करण्यास पंधरा डॉलर पडत, म्हणून ते मागे ठेवून त्याने एक डॉलरचे पत्र्याचे घड्याळ घेतले, ही गोष्ट लोक त्याच्या बेफिकिरीचा दाखला म्हणून सांगतात. आम्हांस ती उलट वाटते. ज्याने होडीची प्रत्येक फळी स्वतः बसविली आहे आणि आकाश वाचण्यात ज्याची हयात गेली आहे, त्यासच कोणती वस्तू मागे ठेवता येईल हे कळते. तयारी म्हणजे सामान वाढविणे नव्हे. काय टाकता येईल ह्याचे ज्ञान होणे, ही तयारीची शेवटची पायरी होय.

एकट्याने, आणि मध्ये कोठेही न थांबता, जगप्रदक्षिणा करणारा पहिला मनुष्य म्हणजे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्याची ३२ फुटी ‘सुहेली’ कोठे बांधली गेली? आमच्या मुंबईत. १९६३-६४ मध्ये मुंबईच्या सुतारांनी सागवानाच्या लाकडात, वाकस आणि हाताने फिरविण्याचा सामता अशा जुन्या हत्यारांनी ती घडविली. डिसेंबर १९६४ मध्ये तिच्या नाळेवर नारळ फोडून तिला पाण्यात सोडले. १४ जून १९६८ रोजी ती इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून निघाली व ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, त्याच बंदरात परतली. मध्यंतरी तिचे सांधे गळले, रेडिओ बंद पडला, पिण्याचे पाणी नासले, आपोआप सुकाणू धरणारे यंत्र मोडले. पण मुंबईचे सागवान टिकले. नॉक्स-जॉन्स्टनचे नाव जगास ठाऊक आहे. मुंबईच्या सुतारांची नावे कोणा मराठी मुलाच्या क्रमिक पुस्तकात आली आहेत काय? आमच्याच शहरात, आमच्याच हातांनी बांधलेली नौका जग जिंकून आली, आणि त्यानंतर चाळीस वर्षे ‘आपणही एकट्याने जावे’ असे आपल्यापैकी कोणाच्या हातून घडले नाही. वर सांगितलेल्या उणिवेस ह्याहून स्पष्ट पुरावा आम्हांस ठाऊक नाही.

त्याच १९६८ च्या शर्यतीत तयारीच्या अभावाचाही एक धडा आहे, आणि तो फार करुण आहे. डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचा बुद्धिमान गृहस्थ, नौकानयनाची उपकरणे तयार करणारा, कर्ज काढून नव्या पद्धतीची तीन कण्यांची नौका बांधून ह्या शर्यतीत उतरला. निघण्याची शेवटची मुदत ३१ ऑक्टोबर होती. नौका पुरी झाली नव्हती. यंत्रे जोडलेली नव्हती. मोलाचे सुटे भाग धक्क्यावरच राहिले होते. तरी मुदतीच्या दिवशी तो निघाला, कारण आता मागे फिरणे म्हणजे दिवाळे आणि बोभाटा. पुढे जाण्याची सोय नाही, परतण्यास तोंड नाही, अशा स्थितीत तो महिनोन् महिने अटलांटिकातच रेंगाळला व आपण जग फिरतो आहो असे खोटे मुक्काम तारेने कळवीत राहिला. १० जुलै १९६९ रोजी त्याची नौका रिकामी सापडली. शर्यतीत निघालेल्या नऊ जणांपैकी एकटा नॉक्स-जॉन्स्टन पुरा उतरला. त्याने बक्षिसाचे पाच हजार पौंड क्रोहर्स्टच्या कुटुंबास देऊन टाकले. समुद्राने क्रोहर्स्टला बुडविले असे म्हणवत नाही. मुदतीच्या दिवशी धक्क्यावर जमलेल्या गर्दीला ‘मी तयार नाही’ हे तीन शब्द त्यास सांगता आले नाहीत, त्यांनी त्यास बुडविले.

ह्या पार्श्वभूमीवर दोंद्यांची हकीकत पाहावी. कल्पना त्यांची नव्हे. ती व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी ह्यांची. १९७१ च्या युद्धात ‘कामोर्ता’ युद्धनौकेचे नेतृत्व करून वीरचक्र मिळविलेले आवटी १९८३ त निवृत्त होऊन साताऱ्याकडे फलटणजवळच्या विंचुर्णी गावी राहत असत. म्हणजे तेही समुद्रापासून दूर, माळरानावर! एखाद्या भारतीयाने भारतात बांधलेल्या नौकेतून एकट्याने जगप्रदक्षिणा करावी, हा त्यांचा ध्यास होता. वयाच्या ऐंशीच्या घरात त्यांनी तो नौदलाच्या गळी उतरविला. ह्यातील ‘भारतात बांधलेल्या’ ह्या दोन शब्दांकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधतो. परदेशात तयार नौका विकत मिळत होती. पैसे मोजले असते तर तीन वर्षे वाचली असती. पण मग एक मनुष्य जग फिरून आला असता, विद्या आली नसती. २००६ च्या एप्रिलमध्ये नौदलाने इच्छुकाची चौकशी केली आणि दोंदे पुढे आले. ते नौदलाचे पाणबुडे अधिकारी. पाण्याखालच्या कामात वाकबगार. परंतु महासागरातील एकट्याच्या सफरीचा अनुभव त्यांस नव्हता, कारण तो देशात कोणासच नव्हता.

अशा वेळी मनुष्य काय करतो? पुस्तके वाचतो, समिती नेमतो, किंवा शिकण्यासाठी कोणाच्या तरी दाराशी जाऊन उभा राहतो. दोंद्यांनी तिसरा मार्ग धरला. त्या वर्षी ६७ वर्षांचे नॉक्स-जॉन्स्टन स्पेनमधील बिल्बाओ बंदरातून पुन्हा एका एकट्याच्या जागतिक शर्यतीस निघावयाचे होते. दोंदे तेथे जाऊन त्यांच्या नौकेच्या तयारीत सामान्य मदतनीस म्हणून राबले. हुद्द्याने कमांडर असलेला मनुष्य दुसऱ्याच्या नौकेवर दोरखंड ओढतो, सामान वाहतो, पडेल ते काम करतो. कारण जे शिकावयाचे ते बोलून दाखविण्याजोगे नसते, शेजारी उभे राहून हातांनी उचलावे लागते. कल्याण-भिवंडीच्या सुतारांनी हीच रीत वापरली होती. फरक इतकाच की, ह्या वेळी शिकणाऱ्याच्या एका हातात लेखणीही होती. शिवाय योगायोग पाहा: मुंबईच्या सुतारांनी ज्यास जगप्रदक्षिणेस समर्थ केले, त्याच गृहस्थाकडून मुंबईहून निघणाऱ्या पहिल्या भारतीयास दीक्षा मिळाली. चाळीस वर्षांचे ऋण फिटले म्हणावयाचे.

नौका बांधण्याचे काम गोव्यात, मांडवीच्या पात्रातील दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर ह्यांच्या कारखान्यात झाले. आवटी, दोंदे, दांडेकर. तिन्ही आडनावे मराठी वाचकास घरची वाटतील अशी. दांडेकरांना लहानमोठ्या फायबरच्या होड्यांचा अनुभव होता. महासागरी शिडाची नौका मात्र त्यांनी पूर्वी बांधली नव्हती. आराखडा हॉलंडातील व्हॅन द स्टाड ह्या संस्थेचा, ५६ फुटी नौकेचा. काठ्यांच्या साच्यावर सीडर लाकडाच्या अरुंद पट्ट्या एकास एक चिकटवून गाभा करावयाचा आणि त्यास आतून-बाहेरून काचतंतूंचे कापड राळेने माखून बसवावयाचे, अशी ही पद्धत. हे वाचण्यास सोपे. परंतु राळेस दमट हवा मानवत नाही, आणि गोव्यासारखी दमट हवा शोधून सापडावयाची नाही. एका ठिकाणी बुडबुडा राहिला, एका पट्टीस ओल राहिली, तर तिचा जाब दक्षिण महासागर विचारणार आणि तो उत्तरासाठी थांबत नाही. साच्यापासून नौका उचलून घेणे, तिला उताणी करणे, खाली शिशाच्या वजनाचा कणा जोडणे, वर सुमारे २५ मीटरांची डोलकाठी उभारणे, ही सर्व कामे तेथील कारागिरांस नवी होती, आणि ती करता करता ते ती शिकले.

ह्या काळात दोंदे नौकेपाशीच असत. आमच्या मते साऱ्या तयारीचे सार ह्यातच आहे. जी नौका समुद्रात मोडणार आहे, आणि लांबच्या प्रवासात काही ना काही मोडतेच, तिची प्रत्येक खीळ कोठे आहे, प्रत्येक तार कोणत्या भिंतीमागून जाते, हे ठाऊक असलेला मनुष्य अंधारात व वादळात तेथे हात घालू शकतो. पत्रावळीसारखी हलणारी नौका, हातात विजेरी, बाहेर पन्नास फुटांवर काही दिसत नाही, अशा वेळी नकाशा काढून पाहावयास सवड नसते. नौका सुमारे २३ टनांची, सरकारी खर्चाने बांधलेली; त्या अर्थी दोंदे बारगीरच. पण घोडा शिंगरू असल्यापासून ज्याने त्यास खरारा केला, तो कागदोपत्री बारगीर असला तरी मनाने शिलेदार झालेला असतो. नौकेचे नाव ‘म्हादेई’ ठेवले. मांडवी नदीचे वरच्या अंगाचे हे नाव. ज्या पाण्यात ती जन्मली त्याचेच तिला दिले, ह्यात आमच्या जुन्या नावे ठेवण्याच्या चालीस धरूनच झाले. १२ फेब्रुवारी २००९ रोजी ती नौदलात दाखल झाली. विजयदुर्गापुढे आंग्र्यांचे आरमार जळाल्यास त्याच महिन्यात २५३ वर्षे पुरी होत होती.

नौका झाली म्हणजे तयारी झाली असे नव्हे. मोठ्या जहाजावर सुतार वेगळा, शिडे शिवणारा वेगळा, आचारी वेगळा, वैद्य वेगळा, यंत्रे पाहणारा वेगळा. एकट्याच्या नौकेवर ह्या साऱ्या बलुतेदारांचा गाव एका देहात वसवावा लागतो. सुई-दाभण धरून फाटलेले शीड शिवता आले पाहिजे. यंत्राचे पोट उघडता आले पाहिजे. समुद्राचे खारे पाणी गोडे करणारे यंत्र बंद पडले तर किती पाण्यावर किती दिवस काढावयाचे हे आधी ठरलेले पाहिजे. स्वतःच्या दातदुखीवर व जखमेवर स्वतःच इलाज केला पाहिजे. सुकाणू धरण्यास दुसरा माणूस नाही, म्हणून वाऱ्याच्या दिशेवर चालणारे यंत्र सुकाणूस जोडतात. ते रुळावे लागते, जसा नवा बैल रुळावा लागतो. आणि झोप? ती तुकड्यातुकड्यांनी घ्यावयाची. थोडे निजावे, उठून वारा, शीड, क्षितिज पाहावे, पुन्हा निजावे. शिधा किती घ्यावा हा प्रश्न तर आपल्या घरांतील बायकांना अधिक समजेल. वर्षाचे धान्य भरणाऱ्या गृहिणीस सुद्धा एक सोय असते: मीठ संपले तर शेजार आहे. समुद्रावर शेजार नाही.

तयारीत एक भाग पंचांगाचाही होता. जगप्रदक्षिणा म्हणविण्यास काही नियम आहेत. निघालेल्या बंदरातच परतावे, सर्व रेखावृत्ते ओलांडावी, विषुववृत्त दोनदा ओलांडावे, कालव्यातून जाऊ नये, आणि अंतर २१,६०० सागरी मैलांहून कमी नसावे. ३६० अंशांस ६० ने गुणले की हा आकडा येतो. वाट दक्षिणेकडून असते, कारण ४० अंशांच्या खाली पश्चिमेचे वारे अखंड वाहतात व नौकेस पूर्वेकडे लोटतात. पण त्याच वाटेवर, जवळजवळ ५६ अंशांवर, दक्षिण अमेरिकेचे शेवटचे टोक केप हॉर्न आहे, आणि ते दक्षिणेकडील उन्हाळ्यातच, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत, ओलांडणे शहाणपणाचे. तेथून हिशेब उलटा मांडीत आले की मुंबई सोडण्याचा काळ पावसाळ्याच्या अखेरीस पडतो. २००९ साली नारळी पौर्णिमा ५ ऑगस्टास होती. दोंदे तिच्यानंतर दोन आठवड्यांनी निघाले. कोळ्याने परंपरेने समुद्र उघडावा आणि अधिकाऱ्याने गणिताने मुहूर्त काढावा, आणि दोघांची तारीख जवळजवळ एक यावी, हे आम्हांस मोठे अर्थपूर्ण वाटते.

निघण्यापूर्वी नौकेची व माणसाची एक चाचणी झाली. ‘म्हादेई’ मॉरिशसपर्यंत सोबत्यांसह गेली. तेथे सोबती उतरले आणि परतीचा प्रवास दोंद्यांनी एकट्याने केला. त्यांच्या आयुष्यातील एकट्याची पहिली सफर ती हीच. गाजावाजा नाही, स्वागतमंडप नाही. पण आमच्या दृष्टीने १९ ऑगस्टाच्या प्रस्थानाहून हा क्षण अधिक महत्त्वाचा. कारण ह्या ठिकाणी ‘मी तयार नाही’ म्हणण्याची मोकळीक होती. क्रोहर्स्टला जी मिळाली नाही, ती मोकळीक पूर्वतयारीने आधीच निर्माण करून ठेवावयाची असते. चूक निघाली तर दुरुस्तीस दोन महिने हाती होते.

पुढील प्रवास थोडक्यात सांगतो. ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटलटन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ली व आफ्रिकेतील केपटाऊन असे चार मुक्काम झाले. जानेवारी २०१० मध्ये केप हॉर्न मागे पडले. २२ मे २०१० रोजी उपराष्ट्रपती हमीद अन्सारी ह्यांच्या उपस्थितीत मुंबईस औपचारिक स्वागत झाले.

येथे एक आक्षेप संभवतो. एवढ्या लोकांचे हात लागले, सरकारने खर्च केला, उपग्रहाच्या दूरध्वनीवरून किनाऱ्याशी बोलणे चालले. मग ह्यास ‘एकट्याने’ कसे म्हणावे? स्लोकम खरा एकटा, हे नौदलाचे काम, असे म्हणणारे आहेत. आक्षेपात तथ्य आहे, परंतु त्याचा रोख चुकला आहे. एकटेपणा हा मदतीचा अभाव नव्हे. मदत आधी पुरी घेऊन टाकणे आणि मग ती जेथे पोहोचू शकत नाही तेथे जाणे, ह्याचे नाव एकटेपणा. परीक्षेस बसलेल्या विद्यार्थ्यास गुरू होते म्हणून त्याची उत्तरे गुरूंची ठरत नाहीत. स्लोकमलाही होडी देणारा कप्तान होता, आणि त्यापूर्वी आयुष्यभर त्यास घडविणारी जहाजे होती.

तयारीचा खरा पुरावा तर नंतर मिळाला. विद्या एकाच माणसापाशी राहिली असती, तर २०१० चा समारंभ हाच ह्या कथेचा शेवट झाला असता. तसे झाले नाही. त्याच ‘म्हादेई’तून लेफ्टनंट कमांडर अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघाले व कोठेही न थांबता ३१ मार्च २०१३ रोजी परतले. दांडेकरांच्याच कारखान्यात ‘तारिणी’ तयार झाली, आणि वर्तिका जोशी ह्यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ ह्या काळात तीतून जगप्रदक्षिणा केली. त्यांना शिकविणारे होते दोंदे. पुढे ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ मध्ये दिलना के. व रूपा ए. ह्या दोघीच ‘तारिणी’ घेऊन जग फिरून आल्या. ‘सुहेली’च्याच आराखड्यावर गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’तून टॉमी २०१८ च्या शर्यतीत उतरले, तेव्हा २१ सप्टेंबर रोजी वादळात डोलकाठी मोडून ते जबर जखमी झाले व तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांस वाचविले. तयारीने संकट टळतेच असे नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. पण तेच टॉमी पुढच्या खेपेस त्याच शर्यतीत उतरले व २९ एप्रिल २०२३ रोजी दुसरे आले. आणि आवटी ३ नोव्हेंबर २०१८ रोजी विंचुर्णीस वारले, तेव्हा त्यांची कल्पना एका माणसाची राहिली नव्हती; तिचा एक संप्रदाय झाला होता. दोंद्यांनी ‘द फर्स्ट इंडियन’ हे आपल्या अनुभवाचे पुस्तकही लिहून ठेवले. वल्ह्याने लेखणी धरली ती अशी.

मध्यम वर्गातील आपण लोक मुलांना परीक्षेस बसवितो, परदेशी पाठवितो, यशाची बातमी आली की पेढे वाटतो. निकाल आणि प्रस्थान ह्या दोनच गोष्टी आपणांस दिसतात. मुलाने सुट्टीत सुताराच्या शेजारी बसून रंधा धरला, मुलीने यंत्र उघडून पाहिले, तर ‘वेळ फुकट घालवू नये’ असे सांगणारे घर अजून आपलेच आहे. आंग्र्यांचे आरमार जाळणाऱ्या तोफा इंग्रजांच्या होत्या खऱ्या; पण ते पुन्हा उभे का राहिले नाही, ह्याचे उत्तर शोधावयाचे तर तोफांकडे न पाहता ह्या घराकडे पाहावे लागेल. दिवाडीच्या कारखान्यात जे चालले होते ते नौकेचे बांधकाम तर होतेच. शिवाय तुटलेला एक सांधा तेथे जुळत होता. तो एके ठिकाणी जुळला, म्हणून पाच-सहा नावे जगाच्या नकाशावर उमटली. आमच्या डोणगावापासून पैनगंगेच्या काठाकाठाने गावोगाव जी हुशार मुले हाताचे काम कमी प्रतीचे समजत वाढत आहेत, त्यांच्यासाठी तो अजून जुळावयाचा आहे.